माश्या बांधणारी आत्या

घरात सगळे म्हणायचे, आत्याच्या नाकावर माशी बसत नाही. आणि पोटापाण्यासाठी तिनं उभा जन्म काय केलं, तर माश्या बांधल्या.

शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, घरात कोण काय काम करतं. मी उभी राहून म्हटलं, "बाबा गोदामात आहेत, आई शिवण करते, आत्या माश्या बांधते."

"मारते म्हणायचंय का तुला?" बाई म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. मी रडत घरी आले, तेव्हा आत्यानं माझ्यासमोर एक माशी बांधून दाखवली. टेबलाच्या कडेला बसवलेल्या छोट्या चिमट्यात गळाचा एवढासा आकडा अडकवला, त्यावर करड्या दोऱ्याचे वेढे दिले, कोंबड्याच्या मानेचं एक पीस गोल फिरवून त्याचे पाय काढले, शेपटीला दोन केस लावले आणि गाठीवर व्हार्निशचा थेंब सोडला. किडा तयार. मी घाबरून हात मागे घेतला, तशी ती म्हणाली, "बघ, तू फसलीस. मासाही असाच फसतो."

नदीत काठीनं मासे पकडण्याचा शौक असलेल्या लोकांना या खोट्या माश्या लागतात. आमच्या गावातल्या एका कारखान्यात त्या बनायच्या आणि दूरदेशी जायच्या. कारखाना म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबलचक हॉल. खालून रबराचा वास, वर पिसांची धूळ. ऐन उन्हाळ्यातसुद्धा पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंखा लागला की सगळा माल उडून जाई. कोणाला शिंक आली तर तिनं नाक दाबून जिन्याकडे पळायचं. एकदा एक नवी मुलगी जागेवरच शिंकली आणि तीन टेबलांवरची पिसं हवेत गेली. "आज खरोखरच माशी शिंकली," असं म्हणून आत्या तिच्याबरोबर खुर्च्यांखाली रांगत पिसं गोळा करत बसली होती.

माश्यांना त्यांची त्यांची परदेशी नावं होती, पण ती कोणाच्या जिभेवर बसत नसत. म्हणून बायकांनी आपली नावं ठेवली. लाल-सोनेरी झगमगणारी ती नवरी. मोठी काळी, आकडा बाहेर काढून बसलेली ती सासू. आणि सगळ्यात जास्त खपणारा, करड्या रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा दिसणारा तो कारकून. आत्यानं सगळ्यात जास्त बांधले ते कारकून.

तिचं लग्न ठरलं होतं एकदा. तिनं ते कधी लपवलं नाही. "मुलगा घरी जेवायला आला," ती सांगायची, "आणि सगळा वेळ रेडिओ ऐकत बसला. मी आईला म्हटलं, याच्याबरोबर रोज जेवायचं? नको गं बाई." त्यानंतर ती बाबांकडे, म्हणजे आपल्या धाकट्या भावाकडे राहिली. आमच्या घरातली मागची खोली तिची. खोलीला खिडकी एकच, पण तिच्याखाली तिनं टेबल टाकलं होतं आणि सुट्टीच्या दिवशीही ती तिथेच बसलेली असायची. आईचं आणि तिचं चांगलं मेतकूट होतं. दोघी मिळून बाबांना धारेवर धरायच्या.

कारखान्यात दर तीन-चार वर्षांनी एक परदेशी दुकानदार माल पाहायला यायचे. उंच, हसरे, दाढी पार कॉलरपर्यंत. बायका त्यांना दाढीवाले म्हणायच्या. नदीकाठच्या एका गावात त्यांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. एकदा त्यांना काय सुचलं कोण जाणे, हॉलमध्येच काठी जोडून ते दोरी कशी फेकायची हे दाखवायला लागले. दोरी मागे गेली, पुढे आली आणि येता येता मुकादमांचा केसांचा टोप घेऊन आली. टोप जाऊन ट्यूबलाइटला लटकला. मुकादमांना टक्कल आहे हे हॉलमधल्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं. मग आत्या हसली. तोंड दाबून नव्हे, टेबलावर डोकं ठेवून, खांदे हलवत हसली, आणि मग सगळा हॉल. मुकादम आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. दाढीवाले मात्र पुढे दर वेळी आले की आधी तिच्या टेबलापाशी यायचे आणि ट्यूबलाइटकडे बोट दाखवायचे. दोघांमध्ये एवढंच संभाषण व्हायचं. दुसरी भाषाच नव्हती.

मालक थकले आणि त्यांनी कारखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा निरोपासाठी दाढीवाले मुद्दाम आले. नेहमीचा दुभाषी नोकरी सोडून गेला होता, म्हणून मला बोलावलं. मी फोनवर परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करते. कुलर गळतो, बिल चुकलं, पार्सल आलं नाही, हे सगळं मी त्यांच्या भाषेत गोड आवाजात ऐकून घेते. त्यामुळे मला भाषा येते.

दाढीवाल्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि सहज विचारलं, "तुमच्यापैकी या माश्यांनी मासे कोणी कोणी पकडलेत?"

मी विचारलं. एकही हात वर गेला नाही.

त्यांना वाटलं, मी चुकीचं सांगितलं. "पुन्हा विचारा," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "अहो, आम्ही कशाला पकडतोय मासे! आम्ही तर तसली नदीसुद्धा पाहिली नाही," आत्या म्हणाली.

हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. थोड्या वेळानं ते आत्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "पाकिटावर बांधणाऱ्याचा नंबर असतो. तुमचा नंबर मला पाठ आहे. माझ्या बायकोनं शेवटचा मासा पकडला तो तुम्ही बांधलेल्या माशीवर. या उन्हाळ्यात तुम्ही या. मी तुम्हाला नद्या दाखवतो."

असं लोक बोलतात, असं आम्हाला वाटलं. पण महिन्याभरात त्यांचा फोन आला, कधी येताय म्हणून.

बाबा म्हणाले, "ताई, या वयात मासे पकडायला जाणार तू?"

"मग कुठल्या वयात जायचं? तरुणपणी वेळ होता का मला?"

"अगं, पण भाषा येत नाही, थंडी असते, आणि त्या माणसाची आपल्याला माहिती काय?"

"त्यांच्याबद्दल एवढं माहीत आहे की त्यांनी मुकादमाचा टोप काढला," आत्या म्हणाली. "माणूस वाईट नसणार."

आई म्हणाली, "हिला सोबत पाठवा, म्हणजे झालं." ही म्हणजे मी. मी रजा टाकली.

दाढीवाले विमानतळावर एक जुनी, डबक्यासारख्या हिरव्या रंगाची व्हॅन घेऊन आले होते. मागे काठ्या, जाळी, रबरी बूट, घडीचं टेबल, शेगडी. त्या व्हॅनमधून आम्ही तीन नद्या आणि दोन तळी फिरलो. रात्री नदीकाठच्या साध्या खानावळींत उतरायचो. तिथे वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या असायच्या, आत्याला आणि मला एक, त्यांना एक.

पहिली नदी रुंद आणि शांत होती. दोन्ही बाजूंना कुरण, काठावर गाई. दाढीवाल्यांनी आत्याच्या हातात काठी दिली आणि मला सांगितलं, "त्यांना सांगा, यात तीनच गोष्टी आहेत. मागे, थांबा, पुढे. दोरी मागे पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे फेकायची नाही."

आत्याला मागे जमलं, पुढे जमलं. थांबायचं काही जमेना. कारखान्यात सगळं आयुष्य हात थांबला की मुकादम ओरडायचा, तो हात आता कसा थांबणार! दिवसभरात तिनं गवत पकडलं, झाडाची फांदी पकडली, माझी बाही पकडली, दाढीवाल्यांची टोपी दोनदा पकडली. मासा सोडून त्या नदीकाठी तिनं काही पकडायचं शिल्लक ठेवलं नाही.

"मुकादमांचा सूड," दाढीवाले टोपीतून आकडा काढत म्हणाले. मी ते आत्याला सांगितलं आणि ती पाण्यात पडेपर्यंत हसली. म्हणजे खरंच पडायची राहिली. पडली ती दुसऱ्या नदीत.

पहिल्या नदीवरच त्या दिवशी दाढीवाल्यांनी एक मासा पकडला होता, पोटावर ठिपके असलेला, हातभर लांब. आत्या टाळ्या वाजवत धावली. त्यांनी आकडा अलगद काढला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला.

"अगं, हातातून सुटला की काय त्यांच्या?"

"सुटला नाही. सोडला. ते सोडूनच देतात."

"सोडायचाच, तर पकडायचा कशाला?"

मी विचारलं. दाढीवाले म्हणाले, "भेटायला."

आत्यानं मान हलवली. "वेडे आहेत," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात त्या दिवसापासून एक वेगळाच मऊपणा आला, तो माझ्या लक्षात आला होता.

दुसरी नदी डोंगरातून उड्या मारत येणारी. तिच्यात उतरायचं तर छातीपर्यंतचा रबरी पायजमा घालावा लागतो. आत्या आधी तयारच होईना. "पाण्याच्या टाकीत माणूस घातल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. शेवटी घातला. चार पावलं गेली, एका शेवाळलेल्या दगडावर पाय पडला आणि ती आडवी. रबरी पायजम्यात पाणी शिरलं आणि नदी तिला ओढायला लागली. मी काठावरून किंचाळत होते. दाढीवाले धावत गेले, त्यांनी तिच्या खांद्यावरचे पट्टे धरून तिला ओढत काठावर आणलं. तिचे दातावर दात आपटत होते, ओठ निळे पडले होते, पण तिनं हातातली काठी सोडली नव्हती.

"सोडायची ना काठी!" मी ओरडले.

"दुसऱ्याची वस्तू आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी खानावळीच्या शेकोटीपाशी दोन घोंगड्या पांघरून ती बसली होती. आता मात्र तिच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. मी चहा आणला, तो गार. दाढीवाल्यांनी मोजे आणून दिले, ते टोचरे. मग म्हणाली, "उद्या घरी जायचं. बस्स झालं. आपलं काम बांधायचं. पकडायचं काम ज्याचं त्यानं करावं."

मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं नाही. "थकली आहे," एवढंच म्हटलं. पण दाढीवाल्यांना समजलं असावं. ते म्हणाले, "उद्या काठ्या व्हॅनमध्येच राहू दे. फक्त बसायला येतील का, विचारा."

बसायला आत्या तयार झाली.

तिसरी नदी लहान होती, ओढ्यासारखी, दोन्ही काठांनी झाडं. दुपार कलती झाली होती. आम्ही एका आडव्या पडलेल्या खोडावर बसलो. आत्या अजून घुश्श्यात होती. मग पाण्यातून काहीतरी वर यायला लागलं. आधी एक, मग पाच-पंचवीस, मग मोजता येणार नाहीत इतके. करडे, एवढेसे किडे पाण्याच्या पृष्ठभागावर येत, क्षणभर पंख वाळवत तरंगत आणि उडत. हवा त्यांनी भरून गेली. त्यांतला एक आत्याच्या मनगटावर येऊन बसला.

तिनं हात डोळ्यांजवळ नेला. दोन केसांची शेपटी, करडं अंग, मानेभोवती पाय.

"अगं," ती म्हणाली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "अगं, हा तर कारकून!"

मी बघितलं. खरोखरच कारकून.

"हा जिवंत आहे! मला वाटायचं, कोणीतरी डोक्यातून काढलाय. नमुना यायचा, आम्ही तसा बांधायचो. असा कोणी खरा असतो हे मला…" किडा मनगटावरून करंगळीवर गेला. तिनं हात इतका स्थिर धरला होता, की तसा मी तो कधी पाहिला नव्हता. किडा उडाला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. दाढीवाल्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"किती दिवस जगतात हे?" आत्यानं विचारलं.

"बाहेर आल्यावर जेमतेम एक दिवस," मी त्यांचं उत्तर सांगितलं.

"एक दिवस. आणि मी त्यांना पाकिटात घालून बोटीवर पाठवत होते." ती उठली. "काठी काढायला सांग त्यांना."

तिला मासा त्या नदीत नाही मिळाला, पुढच्या तळ्यातही नाही. पण त्या दिवसापासून ती दोरी मागे टाकल्यावर थांबायला लागली. तोंडानं "थांब गं, थांब," असं स्वतःलाच बजावत.

मग सलग दोन दिवस पाऊस लागला. व्हॅनमध्ये घडीचं टेबल मांडून आत्यानं मला माशी बांधायला शिकवलं. माझा कारकून भांडी घासायच्या काथ्यासारखा झाला. पाय एकीकडे, शेपटी दुसरीकडे, गाठीवर व्हार्निशचा डोंगर. आत्या म्हणाली, "हा नोकरीवर घ्यायच्या लायकीचा नाही." दाढीवाल्यांनी तो मोठ्या अदबीनं घेऊन आपल्या टोपीला टोचला.

शेवटचं तळं मोठं होतं, डोंगरांच्या मध्ये. तिथे वल्ह्यांच्या बोटीतून मासे पकडायचे. आत्याच्या दोन चांगल्या माश्या पाणवेलींत तुटून गेल्या. दाढीवाल्यांनी गमतीनं टोपीतला माझा कारकून काढून तिच्या दोरीला बांधला.

"याला? हा आणि मासा पकडणार?" आत्या म्हणाली. मागे, थांब गं, पुढे. माझा काथ्या पाण्यावर जाऊन पडला, आणि खालून पाणी फुटलं.

त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं बोटीत नुसता गोंधळ. आत्या मराठीत ओरडत होती, दाढीवाले त्यांच्या भाषेत ओरडत होते, मी दोघांचं एकमेकांना सांगायच्या नादात कोणालाच काही सांगत नव्हते. दोरी सुटत होती, आत्या ती खेचत होती, दाढीवाले हातानंच सावकाश, सावकाश म्हणत होते. शेवटी मासा जाळीत आला. रुपेरी, लठ्ठ, बाजूला गुलाबी झाक.

"हा मासा आंधळा आहे!" आत्या संतापून म्हणाली. "माझ्या इतक्या चांगल्या माश्या सोडल्या आणि हिचा हा भिकार…"

मग तिनं पाण्यात हात घातले आणि दाढीवाल्यांनी दाखवलं तसं माशाला दोन्ही तळव्यांवर धरलं. आकडा त्यांनी काढला. मासा तिच्या हातांत कल्ले उघडत-मिटत होता. तिचा राग कुठल्या कुठे गेला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "जा बाबा. जा घरी." आणि तळवे उघडले.

परतायच्या आदल्या सकाळी आम्ही पुन्हा त्याच तळ्यावर गेलो. मधोमध गेल्यावर दाढीवाल्यांनी वल्ही आत घेतली. ते पाण्याकडे बघत बरंच काही बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे त्यांना सांगाल? जसं बोललो तसंच."

दिवसभर अनोळखी लोकांची बोलणी ऐकणारी मी, पण तेव्हा मी शेवटापासूनच सुरुवात केली.

"आत्या, ते म्हणतायत… त्यांना तू आवडतेस."

"ते मला माहीत आहे. पुढे?"

"लग्न करशील का, असं विचारतायत."

"एवढा वेळ एवढंच बोलले?"

"बायकोबद्दल बोलले. म्हणाले, घरात दोन खुर्च्या आहेत आणि एक नुसतीच असते. हॉलमध्ये तू हसलीस तेव्हापासून तुझं हसणं त्यांच्या लक्षात आहे. बायको असताना ते फक्त लक्षात होतं. आता ती नाही, तर ते ऐकायला आवडेल, म्हणाले."

आत्यानं बोटं पाण्यात बुडवली आणि बाहेर काढली. मग म्हणाली, "त्यांना सांग, मलाही ते आवडतात. खोटं नाही सांगत. पण लग्न नको. आधी वडिलांच्या वेळेनं उठले, मग भोंग्याच्या वेळेनं. आता पहिल्यांदा माझी वेळ माझी झाली आहे. ती मला कोणालाही द्यायची नाही, चांगल्या माणसालासुद्धा." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नीट सांग हं. त्यांना लागेल असं नको सांगू. आणि साखर घोळूनही नको सांगू."

मी सांगितलं. जितकं नीट सांगता येईल तितकं. दाढीवाल्यांनी ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि वल्ही हातात घेतली.

काठाला ते बोट बांधत होते, पण दोर त्यांच्या हातून निसटत होता. आत्या खाली उतरली, त्यांच्या हातातून दोर घेतला आणि खुंट्याला गाठ मारली. मग तिथेच उभी राहून मला म्हणाली, "त्यांना विचार, पुढच्या वर्षी हंगाम कधी सुरू होतो."

त्यांनी सांगितलं.

"मग मी त्याच्या आधी येते. दुकानात खिडकीपाशी एक टेबल मांडून ठेवायला सांग. दोन महिने राहीन. वेगळी खोली हवी. आणि शेगडीवर स्वयंपाक मी करणार नाही, त्यांना येतो तेवढा पुरे."

मी वाक्यावाक्यानं सांगत गेले. दाढीवाले बोटीच्या काठावर बसले. दाढीत हात घालून हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

हे घरी सांगितल्यावर बाबांची जी अवस्था झाली ती मी लिहीत नाही. त्यांनी आधी विचारलं, "म्हणजे लग्न नाही?" मग विचारलं, "पण जाणार?" दोन्ही उत्तरं ऐकून ते गच्चीवर जाऊन बसले. आई म्हणाली, "येतील खाली, भूक लागली की." आणि आले.

याला आता बरीच वर्षं झाली. आत्या दर वर्षी जाते, आता एकटीच जाते. एका हिवाळ्यात दाढीवाले आमच्याकडे आले होते. बाबांनी आधी त्यांच्याशी फार बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तो दुरुस्त करायला दोघे सिंकखाली शिरले आणि ओलेचिंब होऊन बाहेर आले, तेव्हा त्यांची दोस्ती झालेली होती. नळ अजून गळतो.

गेल्या वर्षी दाढीवाल्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना वल्हवायला मनाई केली. तेव्हापासून आत्या वल्हवते. सुरुवातीला बोट गोल गोल फिरायची, ती स्वतःच सांगते. तळहातांना फोड आले, पण हातमोजे घालायला ती तयार नाही, पकड लागत नाही म्हणते. परवा फोनवर मी विचारलं, "आत्या, दुखत नाही का गं हात?"

"दुखतात की," ती म्हणाली. "पण मला आता तळ्याच्या पलीकडच्या टोकाला जाता येतं. तिथे फार छान ऊन पडतं सकाळचं. ठेवते फोन, ते बोटीत बसलेत."

आणि तिनं फोन ठेवला.